डोन्ट स्टार्व्हमधला स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोन्ट स्टार्व्ह हा कॅनडातल्या क्लेई एंटरटेनमेंटचा गेम २०१३ मध्ये आला. अनेकांनी मिळून खेळायची त्याची आवृत्ती, डोन्ट स्टार्व्ह टुगेदर, २०१६ मध्ये पूर्ण रूपात आली. उपाशी मरू नका, असं नावातच बजावलेलं आहे. तरी नवा खेळाडू पहिल्या हिवाळ्यात बहुतेक वेळा भुकेनेच जातो. त्याच्या झोळीत अन्न नसतं असं नाही. चार दिवस पुरला असता एवढा माल तो एका दिवसात कच्चा खाऊन मोकळा झालेला असतो.

खालचे प्रश्न माझ्यासोबत खेळायला आलेल्या नव्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. सगळे आकडे टुगेदरमधल्या विल्सन या पात्राचे धरले आहेत: भूक १५०, हेल्थ (जीव) १५०, सॅनिटी (मनाचं भान) २००.

एका दिवसात नेमकी किती भूक लागते?

७५. गेममधला एक दिवस आपल्या घड्याळातली ८ मिनिटं असतो आणि तेवढ्या वेळात पोट ७५ ने रिकामं होतं. म्हणजे भरल्या पोटी सुरुवात केली तर काहीही न खाता दोन दिवस निघतात. त्यानंतर हेल्थ उतरायला लागते आणि पूर्ण भरलेला जीवही साधारण दोन मिनिटांत संपतो.

हा ७५ चा आकडा डोक्यात पक्का बसवा. पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वयंपाकाची काळजी करायची का?

नाही. बेरी, गाजरं, मिळाला तर ससा, एवढ्यावर भागतं. या दिवसांत पाय चालवा, दगड-सोनं-गवत गोळा करा, नकाशा उघडा. रात्री शेकोटी लागणारच आहे. तिच्यावर जे असेल ते भाजून खा.

शेकोटीवर भाजल्याने फरक पडतो का, की नुसता वेळ जातो?

पडतो, पण प्रत्येक पदार्थात वेगळा. कच्ची बेरी ९.३७५ भूक भागवते, भाजलेली १२.५. गाजराची भूक तेवढीच राहते, हेल्थ मात्र १ ऐवजी ३ मिळते. कच्चं मांस खाल्लं तर सॅनिटी १० ने उतरते, भाजलं की तो तोटा जातो. मॉन्स्टर मीटमध्ये, म्हणजे कोळी-कुत्र्यांसारख्या शत्रूंच्या मांसात, तर जमीन-अस्मानाचा फरक आहे: कच्चं खाल्लं की हेल्थ २० आणि सॅनिटी १५ ने खाली, भाजलेलं खाल्लं की ३ आणि १० ने.

दुसरा फायदा चटकन लक्षात येत नाही. भाजताना पदार्थाचा गेलेला ताजेपणा निम्मा परत मिळतो. ४० टक्क्यांवर आलेलं मांस भाजलं की ७० टक्क्यांवर जातं. म्हणून हातातलं मांस लगेच भाजायची घाई करू नका. शिळं व्हायला लागलं की मग भाजा. शिवाय कच्चं मांस ६ दिवस टिकतं, भाजलेलं १०. बेरीचं उलट आहे. कच्ची ६ दिवस राहते, भाजलेली जेमतेम ३. बेरी भाजायची तर खायच्या वेळीच.

मशालीवर भाजता येत नाही. विलो या पात्राच्या लायटरवर येतं.

क्रॉक पॉट कधी बांधायचा?

जमेल तितक्या लवकर. क्रॉक पॉट म्हणजे चार वस्तू एकत्र शिजवायचं भांडं. सायन्स मशीनजवळ (नव्या वस्तू बनवायला लागणारं यंत्र) उभं राहून ३ कट स्टोन, ६ कोळसे आणि ६ काटक्या लागतात. एका कट स्टोनला ३ दगड, म्हणजे दगड ९ झाले. सायन्स मशीनलाही १ सोनं, ४ लाकडं आणि ४ दगड लागतात, तेव्हा दगड मोजताना दोन्ही धरा.

बहुतेकांचं अडतं ते कोळशावर. झाड पेटवायचं, पूर्ण जळू द्यायचं आणि काळं खोड तोडायचं. मुक्कामापासून लांब, झाडांचा छोटा पुंजका बघा. आग शेजारच्या झाडावर उडी मारते. इथे ते हवंच असतं, सहा झाडं एकदम जळतात. पण तुमच्या पेट्या आणि गवताचे ढीग जवळ असतील तर तेही जातील.

मी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पहिला पॉट उभा करतो आणि दहाव्याच्या आत दुसरा. एक पॉट शिजत असताना दुसरा भरता येतो.

पॉटमध्ये चार वस्तू टाकल्यावर कोणता पदार्थ होणार हे कसं ठरतं?

नव्या खेळाडूला वाटतं की पाककृती पाठ करायच्या असतात. पाठांतराची गरज नाही. गेम कसा विचार करतो ते कळलं की पुरे.

पॉटमध्ये बरोबर चार वस्तू लागतात. तीन टाकल्या तर शिजवायचं बटणच चालत नाही. आत गेलेल्या प्रत्येक वस्तूला एक-दोन गुण असतात. मोठं मांस म्हणजे मांस १. सशाचा छोटा तुकडा, बेडकाचा पाय, पक्ष्याची तंगडी म्हणजे मांस ०.५. मासा म्हणजे मासा १ आणि मांस ०.५. मॉन्स्टर मीट म्हणजे मांस १ आणि मॉन्स्टर १. गाजर म्हणजे भाजी १, मशरूम म्हणजे भाजी ०.५, बेरी म्हणजे फळ ०.५, मध म्हणजे गोड १, बर्फ म्हणजे गोठलेलं १, काटकी म्हणजे अखाद्य १. भाजून टाका किंवा कच्चं टाका, या वस्तूंचे गुण तेच राहतात.

गेम चारही वस्तूंचे गुण बेरीज करतो आणि कोणकोणत्या पदार्थांच्या अटी पूर्ण होतात ते बघतो. मीटबॉल्सची अट सोपी आहे: थोडं तरी मांस हवं आणि अखाद्य काहीही नको. पिरोगीला मांस, अंडं आणि भाजी तिन्ही हवं, अखाद्य नको. हनी हॅमला मध हवा आणि मांस १.५ पेक्षा जास्त.

एकाच वेळी दोन-तीन पदार्थांच्या अटी जुळल्या तर? प्रत्येक पदार्थाला एक मान आहे, ज्याचा मान मोठा तो पदार्थ होतो. मीटबॉल्सचा मान उणे १, स्ट्यूचा शून्य, पिरोगीचा ५, मॉन्स्टर लझान्याचा १०. पिरोगीचं सगळं सामान टाकलं तर मीटबॉल्सची अटही पूर्ण झालेलीच असते, पण पिरोगीचा मान वरचा म्हणून पिरोगी मिळते. मान सारखाच असेल तर गेम त्यातला कुठलाही एक निवडतो.

एवढं समजलं की नवा पदार्थ बघताना दोनच प्रश्न विचारायचे: याला काय लागतं, आणि याला काय चालत नाही? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. फसगत तिथेच होते.

पॉटमध्ये घातलं की नेहमी फायदाच होतो ना?

नाही. हा गैरसमज मी स्वतः बरेच दिवस बाळगून होतो.

चार बेरी पॉटमध्ये घातल्या की जॅम होतो. भूक ३७.५, हेल्थ ३, सॅनिटी ५. त्याच चार बेरी शेकोटीवर भाजून खाल्ल्या असत्या तर भूक ५० भागली असती आणि हेल्थ ४. चार गाजरांचं रॅटाटुई करा: भूक २५. भाजलेल्या चार गाजरांना ५०. निम्मं अन्न पॉटने गिळलं. जॅम आणि रॅटाटुई १५ दिवस टिकतात हे खरं, पण पोट भरायला हा मार्ग नव्हे.

आता उलट बाजू. एका सशाचा तुकडा १२.५ भूक भागवतो. बर्फाचा खडा चोखला तर अडीचसुद्धा भरत नाही. तो एक तुकडा आणि बर्फाचे तीन खडे पॉटमध्ये टाका. मीटबॉल्स होतात आणि भूक ६२.५ भागते. सामान एकूण वीसचंही नव्हतं, बाहेर आलं साडेबासष्टचं.

पॉटचा नफा येतो तो भरीतून. एका जागी खरं जिन्नस, बाकी तीन जागी ज्याला स्वतःची किंमत नाही अशी वस्तू. तीन चांगली गाजरं भर म्हणून घालणाऱ्याचा नफा थोडा, बर्फ घालणाऱ्याचा मोठा. दारात जे फुकट पडलेलं आहे ते भरीला जातं आणि ज्याला मोल आहे ते दुसऱ्या पदार्थासाठी राहतं. मी गेमभर एवढंच बघत असतो: चारातल्या किती जागा मी फुकट भरल्या?

मग सगळे मीटबॉल्सच का करत बसतात?

वरचं गणित त्यात सर्वात चांगलं बसतं म्हणून. पंधरा सेकंदांत शिजतं, १० दिवस टिकतं, मांसाचा अर्धा गुण पुरतो आणि भर जवळजवळ काहीही चालते. दिवसाला ७५ भूक, एका वाटीला ६२.५, म्हणजे पाच दिवसांना बरोबर सहा वाट्या. पंधरा दिवसांच्या हिवाळ्याला अठरा. अठरा ससे आणि चोपन्न बर्फाचे खडे असतील तर हिवाळ्यात विल्सन उपाशी मरू शकत नाही. सशाच्या सापळ्याला २ काटक्या आणि ६ गवत लागतं. असे चार सापळे बिळांवर मांडा, की अठराचा आकडा काहीच वाटत नाही.

मीटबॉल्सची उणीव एकच: हेल्थ फक्त ३ मिळते. पोटासाठी मीटबॉल्स आणि जखमांसाठी दुसरं काहीतरी, अशी दोन खाती वेगळी ठेवा.

मॉन्स्टर मीट फेकून द्यायचं का?

कृपया फेकू नका. हा गेममधला सर्वात दुर्लक्षित ठेवा आहे. कोळी मारा, शिकारी कुत्र्यांची टोळी येऊन जाऊ द्या, ढीगभर मिळतं. लोक त्याच्या नावालाच घाबरतात, कारण पहिल्यांदा कुणीतरी ते कच्चं खाल्लेलं असतं आणि एका घासात २० हेल्थ गेलेली असते.

नियम एका ओळीचा आहे: एका पॉटमध्ये मॉन्स्टर मीट एकच. एक असेल तर गेम त्याला साधं मांस समजतो आणि पदार्थात विषाचा मागमूस राहत नाही. दोन झाले की मॉन्स्टर लझान्याची अट पूर्ण होते, तिचा मान १०, ती बाकी सगळ्यांना मागे टाकते, आणि पुढ्यात येतो हेल्थ २० आणि सॅनिटी २० कापणारा पदार्थ. ड्युरियन या फळालाही मॉन्स्टरचा गुण आहे, त्यामुळे एक मॉन्स्टर मीट आणि एक ड्युरियन ही जोडीसुद्धा लझान्यालाच जाते.

म्हणून: एक मॉन्स्टर मीट आणि तीन बर्फ, मीटबॉल्स. एक मॉन्स्टर मीट, एक मध, दोन बेरी, हनी नगेट्स. एक मॉन्स्टर मीट, एक साधं मांस, एक मध, एक बेरी, हनी हॅम. चांगलं मांस जिथे त्याच्यावाचून अडतं तिथेच वापरा.

दुसरा उपयोग अंड्यांचा. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला भाजलेलं मॉन्स्टर मीट दिलं की तो अंडं देतो. कच्चं घेत नाही, भाजूनच द्यावं लागतं. पिंजऱ्याला २ पपायरस, ६ सोनं आणि २ बिया लागतात. एकदा बांधला की कोळ्यांच्या बिळापासून अंड्यापर्यंतची साखळी कायमची सुरू होते.

काटकी भरीला चालत नाही का? ती तर सगळीकडे पडलेली असते.

बहुतेक पदार्थांना अखाद्य चालत नाही, म्हणून नाही. मांसासोबत एक काटकी गेली तर मीटबॉल्सऐवजी कबाब होतो आणि भूक ६२.५ ऐवजी ३७.५ भागते. दोन गेल्या तर तोही नाही.

पण ड्रॅगन पायला काटकी चालते! एक ड्रॅगन फ्रूट आणि तीन काटक्या. अट फक्त मांस नसावं एवढीच. भूक ७५, हेल्थ ४०, टिकतो १५ दिवस. एक फळ आणि तीन काटक्यांना पूर्ण दिवसाचं जेवण आणि वर औषध. ड्रॅगन फ्रूट हाती लागलं तर ते खाऊन टाकू नका. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला द्या, तो बिया परत देतो, आणि त्या लावा. फिश स्टिक्सला तर एक काटकी लागतेच: मासा, एक काटकी आणि दोन खाद्य भरी, हेल्थ ४०.

माझा वेट गू झाला. काय चुकलं?

चारही वस्तूंत कुठल्याच पदार्थाची अट पुरी झाली नाही. बहुतेक वेळा कारण अखाद्य वस्तू असते. वेट गू भूक, हेल्थ, सॅनिटी काहीच देत नाही. पाच सेकंदांत तयार होतो, त्यामुळे पॉट लवकर थांबला की समजून जा.

हेल्थ भरायला काय शिजवू?

पिरोगी. माझ्या मुक्कामावर आइस बॉक्समध्ये (अन्न थंड ठेवायची पेटी) दोन-तीन पिरोगी नसतील तर मी लढाईला जात नाही. एक मांस (मॉन्स्टर चालेल), एक अंडं, एक भाजी आणि एक भर. वीस सेकंद शिजते, हेल्थ ४०, भूक ३७.५, आणि २० दिवस टिकते. इतके दिवस टिकते म्हणूनच ती मला सर्वात आवडते. आज करून ठेवलेली पिरोगी दोन आठवड्यांनी आलेल्या राक्षसासमोर कामाला येते.

मधाच्या पेट्या असतील तर हनी हॅम: हेल्थ ३०, भूक ७५. एका घासात दोन्ही खाती भरतात. अंडी भरपूर असतील तर दोन अंडी, एक मोठं मांस आणि एक छोटा तुकडा घालून बेकन अँड एग्ज करा: भूक ७५, हेल्थ २०, हाही २० दिवस टिकतो. त्यात भाजी मात्र पडू देऊ नका.

मध मीटबॉल्समध्ये भर म्हणून घातला तर?

मीटबॉल्स होणार नाहीत, हनी नगेट्स होतील. हेल्थ २० मिळेल, पण भूक ३७.५ वर येईल. हवं असेल तेव्हा मुद्दाम करा, चुकून करू नका. मध स्वतः ४० दिवस टिकतो, त्यामुळे तो साठवून ठेवण्यात काही तोटा नाही. पेटीला २ फळ्या, १ पोळं आणि ४ मधमाश्या लागतात. एका पेटीत ६ पर्यंत मध साठतो, आणि हिवाळ्यात काम बंद.

सॅनिटी अन्नाने भरता येते का?

येते, आणि पॉटशिवायही येते. हिरवं मशरूम कच्चं खाल्लं तर सॅनिटी ५० ने कोसळते. तेच भाजून खाल्लं की १५ ने चढते, हेल्थ फक्त १ जाते. हिरवी मशरूम तिन्हीसांजेला जमिनीतून वर येतात. लाल दिवसा, निळी रात्री. सांजेच्या फेरीत जितकी दिसतील तितकी खुडून घ्या.

दुसरा मार्ग सुकवलेलं मांस. ड्रायिंग रॅकवर मोठं मांस दोन दिवस टांगलं की जर्की होते: हेल्थ २०, भूक २५, सॅनिटी १५, टिकते २० दिवस. छोटा तुकडा एका दिवसात सुकतो आणि सॅनिटी १० देतो. पावसात सुकणं थांबतं, तेव्हा वसंतात रॅकच्या भरवशावर राहू नका. गुहेत जाताना मी झोळीत सहा जर्की घेतो. प्रवासासाठी याहून सोयीचं अन्न मला सापडलेलं नाही.

तीन मध आणि एक बिनमांसाची भर यांची टॅफी होते, सॅनिटी १५, पण हेल्थ ३ कापते. आइस्क्रीम एका वेळी ५० सॅनिटी देतं. मात्र त्याला लोणी किंवा दूध लागतं आणि ते रोज मिळत नाही.

अन्न शिळं झालं म्हणजे नेमकं काय होतं?

ताजेपणा निम्म्यावर आला की हिरव्याचा पिवळा रंग होतो आणि पदार्थ शिळा धरला जातो: भूक दोन तृतीयांश, हेल्थ एक तृतीयांश, सॅनिटी शून्य. २० टक्क्यांवर लाल होतो. तेव्हा भूक निम्मी, हेल्थ शून्य, आणि सॅनिटी उलट १० ने उतरते.

पिवळी पडलेली पिरोगी ४० ऐवजी १३ च्या आसपास हेल्थ देते. औषध म्हणून ठेवलेल्या पदार्थाकडे म्हणूनच आधी लक्ष द्या. मीटबॉल्स पिवळे पडले तर फार बिघडत नाही.

शिळ्या जिन्नसांचा पदार्थ केला तर जिन्नसांचा सरासरी ताजेपणा धरला जातो, पण गेलेल्यातला निम्मा परत मिळतो. त्यामुळे पिवळं पडलेलं मांस शेकोटीपेक्षा पॉटमध्ये घातलेलं बरं.

साठवायचं कुठे?

जमिनीवर कधीच नाही. जमिनीवर अन्न दीडपट वेगाने नासतं. आइस बॉक्समध्ये वेग निम्मा होतो, म्हणजे मीटबॉल्स १० ऐवजी २० दिवस राहतात. त्याला गिअर लागतो. गिअर घड्याळी प्राण्यांना मारून मिळतो, किंवा वाळवंटात वाऱ्यावर गडगडणाऱ्या झुडपांतून. मला दुसरा मार्ग आवडतो, त्यात जीव धोक्यात जात नाही. अर्धा दिवस झुडपांमागे पळायची तयारी ठेवा.

समुद्रावर जाऊन मिठाचे खडे आणले तर सॉल्ट बॉक्स बांधता येतो. त्यात नासण्याचा वेग चौथाईवर येतो, पण तो कच्च्या मालासाठी आहे, तयार पदार्थ त्यात जात नाहीत. बंडलिंग रॅपमध्ये गुंडाळलेलं अन्न उघडेपर्यंत जसंच्या तसं राहतं.

हवामानाचाही हात असतो. उन्हाळ्यात सव्वापट वेगाने नासतं, हिवाळ्यात पाऊणपट. भिजलं तर आणखी लवकर.

हिवाळ्याची तयारी कधीपासून?

शरद २० दिवसांचा, हिवाळा २१ व्या दिवशी सुरू. पंधराव्या दिवशी बेत आखायला घ्या. बेरीची झुडपं थांबणार, मधाच्या पेट्या थांबणार. ससे मात्र येत राहतात, कोळी आणि कुत्रेही. आणि बर्फ! लोक हिवाळ्याला कंगाल समजतात, पण भर म्हणून जी वस्तू सर्वात चांगली तीच या मोसमात फुकट मिळते. छोट्या हिमखंडांवर कुदळ चालवा. बर्फ तीन दिवसांत वितळतो, म्हणून लागेल तसा आणा किंवा आइस बॉक्समध्ये ठेवा.

माझा पहिला हिवाळा चोविसाव्या दिवशी संपला होता, तेव्हा पेटीत वीस-बावीस जॅम होते. आकडा मोठा दिसत होता. जॅमची हेल्थ ३ असते आणि मी थंडीने आणि कुत्र्यांनी जखमी होतो, हे मी मोजलंच नव्हतं. त्यानंतर मी साठा वाट्यांच्या संख्येत मोजणं सोडलं: भूक किती, हेल्थ किती, असे दोन आकडे वेगळे काढतो.

हिवाळी कोअॅलेफंट या हत्तीसारख्या प्राण्याच्या पावलांचा माग लागला तर सोडू नका. एका शिकारीत ८ मांस मिळतात. आठ मांस म्हणजे आठ वाट्या मीटबॉल्स, जवळजवळ सात दिवस.

मीटी स्ट्यू १५० भूक देतो, मग तोच का नको?

त्याला मांसाचे ३ गुण लागतात. त्याच तीन मांसांचे तीन पॉट मीटबॉल्स केले तर १८७.५ होतात. शिवाय विल्सनचं पोटच १५० चं. पोट पूर्ण रिकामं असल्याशिवाय स्ट्यू खाल्ला तर उरलेलं वाया जातं. भरीला काहीच नसेल आणि मांस भरपूर असेल तेव्हा करा.

मांस न वापरता खेळता येईल का?

येईल, कष्ट जास्त पडतात. वर्ट हे पात्र तर मांस खातच नाही. ड्रॅगन पाय हा तुमचा मुख्य आधार. फुलपाखराचे पंख आणि भाजी यांचं बटर मफिन होतं: भूक ३७.५, हेल्थ २०. रॅटाटुई चार भाज्यांची करू नका. एका मशरूमला तीन बर्फ लावा, भूक २५ मिळतेच. कच्चं खाल्लं तर २० हेल्थ कापणारं लाल मशरूमसुद्धा असं वापरता येतं.

प्रत्येक पात्राला हेच सगळं लागू आहे का?

नाही, आणि सोबत खेळताना हे आधी विचारून घ्या. विगफ्रिड फक्त मांसाचे पदार्थ खाते, तिच्यासाठी ड्रॅगन पाय केलात तर तो तसाच राहील. वेबरला मॉन्स्टर मीटचा त्रास होत नाही, चुकून झालेली लझान्या त्याच्यासाठी ठेवा. वर्मवूडला अन्नाने हेल्थ मिळत नाही, त्याच्यावर पिरोगी खर्च करू नका. विकरबॉटमला शिळं अन्न इतरांपेक्षा जास्त बाधतं.

वॉर्ली हा स्वयंपाकी. तो पॉटमधून आलेलंच खातो, भाजलेली बेरी त्याला चालत नाही. तोच पदार्थ लागोपाठ दिला तर प्रत्येक वेळी त्याला कमी मिळतं. भूकही त्याला इतरांपेक्षा लवकर लागते. मीटबॉल्सच्या ढिगावर तो जगत नाही, त्याच्यासाठी चार-पाच प्रकार आलटून पालटून करावे लागतात. पाककृतींची समज खरी वाढवायची असेल तर वॉर्ली घेऊन एक वर्ष काढा.

चौघे मिळून खेळतो, तरी अन्न पुरत नाही. का?

भूक चौपट, म्हणजे दिवसाला ३०० च्या घरात, आणि गोळा करणारा बहुतेक वेळा एकच. त्याहून मोठं कारण मी पाहिलंय ते असं: आइस बॉक्स उघडून हाताला येईल ते खाल्लं जातं. पोट थोडं कमी झालं म्हणून कुणी पिरोगी खातो, मग लढाईच्या वेळी औषध उरत नाही. दोन आइस बॉक्स ठेवा. एकात रोजचं, दुसऱ्यात जखमांसाठीचं. दुसऱ्याला हात लावायचा तर आधी बोलायचं.

आणि पोट १०० वर आलं म्हणून खाऊ नका. ६२.५ ची वाटी पूर्ण मावायची तर भूक ८७ च्या आसपास यायला हवी. तोवर थांबा.

मॅन्ड्रेक मिळाला, सूप करू?

सूप हेल्थ १०० आणि भूक १५० देतं, मोह होणारच. पण पॅन फ्लूट या बासरीलाही मॅन्ड्रेक लागतो, आणि या मुळ्या जगात मोजक्याच असतात. मी बासरी करतो. भूक भागवायला ससे आहेत.

ही गणितं दुसऱ्या सर्व्हायव्हल गेममध्ये चालतात का?

आकडे नाहीत चालत. माइनक्राफ्टमध्ये कच्चं बीफ ३ आणि शिजवलेलं ८ गुण भरतं. तिथे शिजवण्यातच नफा आहे, भरीचा प्रश्न येत नाही. भट्टीत एक नग १० सेकंदांत होतो, स्मोकरमध्ये ५. वॅल्हाइममध्ये उपासमारीने मरत नाही, पण पोटात काय आहे त्यावर जीव आणि दम ठरतो, आणि मांस चुलीवर विसरलात तर कोळसा हाती येतो. नवा गेम घेतला की पहिल्या संध्याकाळी मी एकच पदार्थ कच्चा आणि शिजवलेला खाऊन बघतो आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवतो.